तीन तारखेचे दात

आमच्या चिरंजीवांना एक खोड आहे. दुसऱ्यानं नीट लावून ठेवलेली वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. स्वयंपाकघरात मी डबे माझ्या सोयीनं ठेवते. रोजचे खाली, कधीमधी लागणारे वर, एकाचं झाकण पत्र्याचं तर एकाचं लाकडी, म्हणजे डोळे मिटले तरी हाताला कळतं. एका रविवारी मी आंघोळ करून बाहेर येते तो साहेबांनी सगळे डबे एका मापाचे, एका झाकणाचे आणून रांगेत उभे केलेले. "बघ आई, कसं एकसारखं दिसतंय!" दिसत होतं खरं. त्या दिवशी साखरेऐवजी मीठ पडलेला चहा मी मुद्दाम त्यालाच दिला. प्यायला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "लेबलं लावू."

उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. वय वाढलं, केस गेले, खोड गेली नाही. डब्यांचं मी निभावून नेलं. दातांचं निभावलं नाही, म्हणून हे लिहायला बसले. मी चार यत्ता शिकलेली बाई, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वाचणाऱ्याला जमलं तर वाचावं, नाही तर आपल्या कामाला लागावं. मलाही आता कुणाची मनधरणी करायचं त्राण नाही.

आमचा धंदा कवळ्यांचा. बाहेर 'लॅब' अशी पाटी आहे, ती चिरंजीवांनी लावली. मी कारखानाच म्हणते. दवाखान्यातून तोंडाचं माप येतं, ते उलटं असतं. जिथं हिरडी उंच तिथं मापात खड्डा. त्यात प्लास्टर ओतलं की हिरडी सुलटी होऊन बाहेर येते. तिच्यावर मेण, मेणात दात, मग ते पेशंटच्या तोंडात लावून बघायचं, पसंत पडलं की मेणाच्या जागी पक्कं गुलाबी, आणि शेवटी घासूनपुसून चकाकी. मेणात दात बसवायचं काम माझं. हे होते तेव्हा ते काम यांचं होतं असं लोक समजतात. समजू द्या. यांनी बसवलेले दात कुंपणाच्या फळ्यांसारखे सरळ यायचे. माणसाचे दात तसे नसतात. एखादा किंचित कलता, एखादा शेजारच्याच्या जरा मागे, असं ठेवलं की तोंड तोंडासारखं दिसतं. चिरंजीव बापावर गेलेत. त्यांना मी मेणाला बोट लावू देत नाही. ते फोन घेतात, बिलं करतात, दवाखान्यांत जाऊन गोड बोलतात. गोड बोलण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

आणि सून. ती कॉम्प्युटर शिकलेली, लग्नाआधी मोठ्या कंपनीत होती. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा 'थोडे दिवस' म्हणून घरी थांबली, मग 'थोडे दिवस' म्हणून कारखान्यात बसली. ते थोडे दिवस अजून संपायचेत. आमचं बहुतेक काम ज्या मोठ्या क्लिनिकचं, त्यानं अट घातली होती की यापुढे कामं कागदावर नाही, कॉम्प्युटरवरून येणार आणि जाणार. तेव्हा हिनं एकटीनं बसून सगळा प्रोग्राम लिहिला. दवाखान्याकडून पुडकं येतं, त्यात पेशंटचं नाव, दाताचा रंग, वरची कवळी की खालची. आपण उलट पुडकं पाठवायचं, त्यात माल कुठल्या तारखेला तयार. ती तारीख बघून दवाखाना पेशंटला बोलावतो. त्या पुडक्याला ती जेसन म्हणते. मला वाटलं क्लिनिकात कुणी नवा माणूस लागलाय. कितीतरी दिवस मी सकाळी आल्या आल्या विचारायची, "काय गं, आला का आज जेसन?" आणि ती मान खाली घालून म्हणायची, "आला आई, वेळेवर आला." हसत होती मनातल्या मनात, सटवी.

प्रोग्राम झाल्यावर मी एकच गोष्ट मागितली. आमच्या मांडणीला महिन्याला एक फळी आहे. फळीवर डबे तारखेनं डावीकडून उजवीकडे. माझी नजर आधी फळी शोधते, मग डबा. डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. म्हणून मी सुनेला म्हटलं, डब्यावर चिकटवायची जी चिठ्ठी छापतेस ना, तिच्यावर महिना वर आणि मोठा, तारीख खाली. जग काय करतं ते जगाला करू दे. तिनं वाद घातला नाही. संध्याकाळपर्यंत चिठ्ठ्या माझ्या मनासारख्या निघायला लागल्या.

फेब्रुवारी संपता संपता तिची आई न्हाणीघरात पडली, मांडीचं हाड मोडलं. सून माहेरी गेली. जाताना नवऱ्याला म्हणाली, "अहो, प्रोग्रामला काही करायची गरज नाही. आपोआप चालतो. काही अडलं तर फोन करा." माझ्यासमोर ती त्याला अहो म्हणते. एकट्यात तू म्हणते हे मला ठाऊक आहे, भिंती पातळ आहेत.

ती गेली आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच क्लिनिकच्या काउंटरवरच्या मुलीचा फोन. कुठल्याशा पेशंटची तारीखच आली नाही, त्यांचा कॉम्प्युटर लाल होतोय. चिरंजीवांनी तोंडी तारीख सांगितली, विषय संपला. परत फोन, परत तोंडी. मी विचारलं, "काय झालं रे?" तर म्हणाला, "काही नाही गं, मशीन आहे, कधीकधी अडखळतं." शिट्टी वाजवत पुढच्या कामाला लागला.

मग त्याच मुलीचा आणखी एक फोन आला. ती हसत होती. फोन मोठ्या आवाजावर होता, कारण चिरंजीवांना एका हातानं बोलायला आणि दुसऱ्या हातानं टेबल पुसायला आवडतं.

"दादा, तुमच्या लॅबमध्ये तीन तारखेला काही विशेष असतं का?"

"का गं?"

"नाही, तुमचे सगळे दात तीन तारखेलाच येतायत. तीन एप्रिल, तीन मे, तीन जून, तीन ऑगस्ट. एवढं लांबचं तुम्ही कधी सांगत नाही म्हणून विचारलं."

"वर्कलोड आहे," चिरंजीव म्हणाले.

मी मेणात एक सुळा बसवत होते. वर्कलोड कुठला? मार्चची फळी भरलेली मला समोर दिसत होती, एकेक डबा तयार होऊन पाण्यात पडून होता. मी म्हटलं, "अरे, ऑगस्टचं काय म्हणतेय ती?" तर म्हणाला, "त्यांच्याकडचा घोळ असेल. मी बघतो." आता हा 'बघतो' म्हणाला की ती गोष्ट कुणीच बघत नाही, हे मला त्याच्या जन्मापासून माहीत असायला हवं होतं. पण पाठ दुखत होती, सुळा नीट बसत नव्हता. मी तो काढून परत बसवायला घेतला.

शेवटी बोलायला शिंपीणबाई आल्या.

ही आमच्या मागच्या गल्लीत शिवणकाम करणारी म्हातारी, माझ्याहून दोन पावसाळे जास्त पाहिलेली. खालचे-वरचे सगळे दात गेलेले. तिची कवळी मी स्वतः लावली होती, मेणाची लावून बघितली तेव्हा आरशासमोरून हलेना. भर दुपारी ती कारखान्याच्या दारात उभी राहिली, तोंडावर हात धरून.

"बाई, मी तुमचं काही वाईट केलंय का?"

"आत या, बसा. काय झालं?"

"बसायला नाही आले. दवाखान्यातून मेसेज आलाय. नातीनं वाचून दाखवला. म्हणे तुमचे दात तीन नोव्हेंबरला मिळतील." तिनं तोंडावरचा हात काढला. "नोव्हेंबरपर्यंत मी काय हवा चावू? दूध-पाव खाऊन माझ्या पोटाची पिशवी झालीय. सुई ओवायला नात आहे, पण दोरा तोडायला दर वेळी कात्री शोधावी लागते. गिऱ्हाईक समोर बसलं की मी बोलत नाही, मान हलवते. लोकांना वाटतं म्हातारी मुकी झाली. आणि नोव्हेंबरला मी असेन कशावरून?"

मी उठले. तिसऱ्या फळीवरून तिचा डबा काढला. चिठ्ठीवर वर तीन, खाली अकरा. अकरा मार्च. डब्यात तिची कवळी चकचकीत होऊन पडलेली. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात. इथं दात होते, चणे होते, बाई तोंड उघडून समोर उभी होती, आणि तारीख मात्र नोव्हेंबरला निघून गेलेली.

"द्या ना मग!" तिनं हात पुढे केला.

"देता येत नाही हो असं. डॉक्टरांनी तोंडात बसवून, कुठं टोचतंय ते घासून द्यायचं असतं. मी आत्ता दिली आणि तुमची हिरडी सोलली तर तुम्हीच मला शिव्या घालाल."

"त्या मी तशाही घालतेच आहे," शिंपीणबाई म्हणाल्या आणि पुन्हा तोंडावर हात धरून पायऱ्या उतरल्या.

त्याच संध्याकाळी क्लिनिकच्या मोठ्या डॉक्टरांचा फोन. ते मुळात हळू बोलणारे, त्या दिवशी आणखी हळू बोलत होते. चिडल्यावर आवाज खाली नेणाऱ्या माणसाची मला जास्त भीती वाटते. पेशंट भांडून जातायत म्हणाले, दोन जण रिकाम्या हातानं परत गेले म्हणाले, शुक्रवारी मी स्वतः येतो, काय ते समजावून सांगा, नाहीतर काम दुसरीकडे देतो. आणि आमच्या चिरंजीवांच्या तोंडून मी माझ्या कानांनी ऐकलं, "सर, प्रोग्राम मिसेसनं बनवलाय. ती माहेरी आहे. तिच्याकडूनच काहीतरी राहिलं असणार. आली की बघायला सांगतो."

खोटं कशाला सांगू, तेव्हा मलाही ते खरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सून परत आली, हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत मी म्हटलं, "या. माहेरी आईचं हाड जुळवलंत, इथं आमचं कंबरडं मोडलंत."

तिनं सगळं ऐकून घेतलं. तीन एप्रिल, तीन ऑगस्ट, शिंपीणबाईंचा नोव्हेंबर. नोव्हेंबर ऐकल्यावर तिचा चेहरा एकदम शांत झाला. चहासुद्धा न घेता कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. फार वेळ नाही लागला. खुर्ची मागे न सरकवता, मान न वळवता तिनं विचारलं,

"अहो, तारखेचं वरचं सेटिंग तुम्ही बदललंत?"

"कुठलं गं?"

"सगळ्यांच्या वर असतं ते. आणि चिठ्ठीपुरतं वेगळं होतं, ते काढून टाकलंत."

"हां, ते होय!" चिरंजीव आनंदानं पुढे आले. "ते मी नीट केलं. अगं, काय ते, पाठवताना एक तऱ्हा, चिठ्ठीवर दुसरीच! घरात दोन घड्याळं दोन वेळा दाखवतात तसं. सगळं एका ठिकाणी आणलं. आईला लागतं तसं. महिना आधी, मग दिवस. एकसारखं."

कॉम्प्युटरचं यालाही थोडंफार येतं. पोहणाऱ्याच्या शेजारी काठावर उभं राहिल्यानं जेवढं येतं तेवढं.

"तू त्याला हात कशाला लावलास?" सून म्हणाली. माझ्यासमोर पहिल्यांदा ती त्याला तू म्हणाली, आणि तिला ते कळलंही नाही.

मी म्हटलं, "मला कुणी सांगेल का काय झालंय? सावकाश सांग. दात समजून सांग."

तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली. "आई, तारीख प्रोग्रामच्या पोटात असते तेव्हा ती नुसती तारीख असते. तिला मागं-पुढं नसतं. पण दुसरीकडे पाठवायची म्हटलं की ती अक्षरात उतरवावी लागते. तुमचं माप उलटं होऊन प्लास्टरमध्ये सुलटं होतं ना, तसं. इथं उतरवायची आणि तिथं परत उचलायची. उतरवणारा आणि उचलणारा, दोघांचं आधी ठरलेलं असायला लागतं. आपलं क्लिनिकशी ठरलंय: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. ते मी सगळ्यांच्या वर लिहून ठेवलं होतं. तुमच्या चिठ्ठीसाठी फक्त त्या एका जागी वेगळं. यांनी एका जागचं उचलून वर नेलं. मग चिठ्ठीसाठीचं जे होतं तेच क्लिनिकलाही जायला लागलं."

"मग त्यांना कळलं कसं नाही?"

"त्यांच्या प्रोग्रामला वर्ष पुढे दिसलं नाही की तो पहिला आकडा दिवस धरतो. आपण पाठवलं तीन-अकरा, म्हणजे मार्चची अकरा. त्यानं वाचलं, तीन तारीख, अकरावा महिना."

"नोव्हेंबर."

"नोव्हेंबर. मार्चमधलं जे जे गेलं त्याचा पहिला आकडा तीनच. म्हणून सगळ्यांची तीन तारीख. आणि दिवस बाराच्या पुढचा असेल तर? तेरावा महिना कुठून आणणार? तिथं तो अडायचा, लाल व्हायचा, ती मुलगी फोन करायची आणि हे तोंडी सांगून मोकळे व्हायचे. बाराच्या आतलं मात्र तो निमूट गिळत होता."

मला कळलं. आरडाओरडा करणारी चूक यानं हातानं झाकली आणि गप्प बसणारी चूक घराघरात जाऊन पोचली.

चिरंजीव माझ्याकडे वळले. "आई, मी तुझ्यासाठीच केलं गं. तूच म्हणाली होतीस ना, महिना वर."

"डब्यावरच्या चिठ्ठीवर म्हणाले होते. साऱ्या दुनियेच्या कपाळावर नव्हे. माझं नाव यात घालू नकोस."

सुनेनं आधीचं सगळं जागच्या जागी लावलं, चुकलेल्या प्रत्येक पेशंटचं पुडकं नव्यानं पाठवलं. मग क्लिनिकच्या कॉम्प्युटरवाल्याशी बोलली. त्याला म्हणाली, तुमच्या बाजूनंही कडक करा, वर्ष पुढे नसेल तर घेऊच नका, परत पाठवा. मी मागून म्हटलं, "त्याला सांग, वाकडं आलं तर गिळू नको, थुंक." तिनं ते सांगितलं नाही, पण हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. शिंपीणबाईंना अकरालाच बोलावून घेतलं.

सगळं रुळावर आलं असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर सून माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. मी दिव्याखाली मेण कापत होते. म्हणाली, "आई, एक सांगायचंय. माझ्या जुन्या कंपनीतल्या मॅडमचा फोन आला होता, माहेरी असताना. त्यांना माणूस हवाय. शुक्रवारपर्यंत सांग म्हणाल्यात."

माझ्या हातातली सुरी थांबली. डोळे जातायत, गुडघे गेलेत, ही गेली तर कारखाना कुणाच्या जिवावर चालणार?

"आधी पण विचारलं होतं त्यांनी," ती म्हणाली. "दर वेळी नाही म्हटलं. या वेळी पण नाही म्हणेन. मला इथलं काम आवडतं आई. फक्त शुक्रवारी डॉक्टर येतील तेव्हा यांनी त्यांना एवढंच सांगावं, की हे मी केलं होतं, हिनं नाही. एवढं सांगितलं की झालं. मी परत तो विषय काढणार नाही."

"त्याला सांगितलंस हे?"

"सांगितलं. हो म्हणाले."

"मीच सांगते डॉक्टरांना. माझ्या जिभेला काय हाड आहे?"

"नाही." तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. सासूच्या मनगटावर असा हात ठेवायला धीर लागतो, मी काही गरीब सासू नाही. "तुम्ही सांगायचं नाही, आई. तुम्ही सांगितलंत तर ते आईनं केलेलं पांघरूण होईल. यांनी सांगायला हवं. तुम्ही मध्ये पडायचं नाही, शब्द द्या."

मी शब्द दिला. आयुष्यात फार कमी वेळा मी तोंड बंद ठेवायचा शब्द दिलाय, आणि त्यातला एकही मला सोपा गेलेला नाही.

शुक्रवारी सकाळी चिरंजीवांनी पुढची खोली झाडून घेतली. खुर्च्या एका ओळीत लावल्या. डॉक्टर आले, चहा आला. मी आतल्या दाराशी माझ्या स्टुलावर, हातात मेणाची सुरी. सून कॉम्प्युटरशी उभी. डॉक्टर म्हणाले, कालपासून तारखा बरोबर येतायत, शिंपीणबाई दात लावून गेल्या, जाताना माझ्या काउंटरवरच्या मुलीचा ड्रेस उसवलेला होता त्याचा दोरा दातानं तोडून दाखवला. सगळे हसले. मग डॉक्टरांनी कप खाली ठेवला.

"पण हे झालं कशामुळे? माझ्याकडच्या लोकांना मला काहीतरी सांगावं लागेल."

किती सरळ विचारलं माणसानं! दार सताड उघडून दिलं, नुसतं पाऊल टाकायचं होतं. मी चिरंजीवांकडे बघितलं. सून बघत नव्हती, ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती.

चिरंजीव हसले. त्यांचं ते गोड हसणं. "सर, काय आहे, टेक्निकल इश्यू होता. सिस्टीम म्हटली की थोडं मागं-पुढं होतंच. आता पूर्ण सॉल्व्ह झालाय. तुम्ही निश्चिंत राहा."

"म्हणजे प्रोग्राममधली चूक."

"प्रोग्राममधलीच, म्हणजे... हो, तसंच."

डॉक्टर सुनेकडे वळले. वाईट माणूस नव्हे तो, नीट बोलला. "मॅडम, पुढच्या वेळी जरा तपासून घेत चला. पेशंटचा प्रश्न असतो."

चोर सोडून संन्याशाला सुळी. सून म्हणाली, "हो सर." तिनं एकदा नवऱ्याकडे बघितलं. रागानं नाही. दुकानात एखादी वस्तू हातात घेऊन बघतो आणि परत ठेवून देतो, तसं. सुरीचं पातं माझ्या मुठीत रुतलं तेव्हा मला कळलं की मी ती किती घट्ट धरली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. शब्द दिला होता. मी बसून राहिले.

डॉक्टर गेले. चिरंजीव त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. सून आत माझ्याजवळ आली, माझी मूठ उघडली, बोटाला चिंधी बांधली आणि म्हणाली, "मी फोन करून येते."

मी म्हटलं, "कर. आणि सोमवारपासून येते म्हण, उगाच मुदत मागू नकोस. इथलं कुणाचं तोंड बघून थांबायचं नाही. माझं पण नाही."

तिचे डोळे भरले. मला रडारड आवडत नाही, हे तिला माहीत आहे. ती गच्चीत गेली.

चिरंजीव हात चोळत परत आले. ओळीतली एक खुर्ची डॉक्टरांनी तिरकी करून ठेवली होती, ती आधी सरळ केली. मग म्हणाले, "मिटलं बघ आई सगळं! काम राहिलं आपल्याकडे. उगाच टेन्शन घेतलं."

मी स्टुलावरून उठले. उठायला वेळ लागतो आता. त्याच्या समोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले,

"खाली बस. नको, खुर्ची सरळ करू नकोस, आहे तशीच असू दे. ऐक. तू चूक केलीस, त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. चुकीचा दात मीही बसवलाय, काढून परत बसवलाय. तुला आज चार शब्द बोलायचे होते. शिंपीणबाई नवी कवळी लावून पहिल्या दिवशी बोलल्या, तुला स्वतःच्या धडधाकट बत्तिशीतून बोलता आलं नाही. तुझी बायको सोमवारपासून बाहेर कामाला जातेय. मीच जा म्हटलंय. तिला अडवायचं नाही, तोंड पाडून बसायचं नाही, आणि संध्याकाळी ती दमून घरात आली की इथलं काही विचारायचं नाही. प्रोग्राम आता तुझा. लाल झाला तर फोन तू घ्यायचास, पेशंट भांडायला आला तर पायरीवर तू उभं राहायचंस, आणि कुणी विचारलं कुणाची चूक, तर नाव सांगायचं, तुझं. जमणार नसेल तर आत्ता सांग. मी हातानं चिठ्ठ्या लिहीन, दिसतंय तोवर लिहीन, आणि दिसेनासं झालं की दाराला कुलूप लावीन. पण तिच्या पाठीमागं परत एकदा लपलास, तर त्या कुलपाची किल्ली तुझ्या हाती पडणार नाही, मी मेल्यावरसुद्धा नाही. आता जा, गच्चीत ती फोनवर आहे. तिचं बोलणं संपेपर्यंत जिन्यात थांब, आणि ते चार शब्द आधी तिला सांग."